टॅव्हर्निये वाचताना : हिऱ्याचं पाणी आणि वजन

गोवळकोंड्याच्या हिऱ्यांवर लिहिताना आपण फ्रेंच जवाहिऱ्या टॅव्हर्नियेच्या प्रवासवर्णनाकडे (१६७६) वळतो, पण उचलतो मोठ्या हिऱ्यांच्याच गोष्टी. माझ्या मते पुस्तकाचा खरा ऐवज पारखीच्या तपशिलात आहे. इथले व्यापारी रात्री भिंतीतल्या कोनाड्यात दिवा ठेवून हिऱ्याचं पाणी बघत. निळसर झाक ओळखायला दाट झाडाची सावली. रावलकोंड्याच्या खाणीवर दहा ते सोळा वर्षांची मुलं खडा हातोहात फिरवून सौदा करत.

आकडे मात्र जपून घ्यावेत. रावलकोंड्याला ‘मंगेलिन’ हे वजन पावणेदोन कॅरटचं, गोवळकोंडा-विजापुरात १⅜ कॅरटचं. शिवाय किंमत वजनाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हा नियमही तोच देतो. म्हणजे मंगेलिन कुठलं हे न पाहता हिशेब केला, तर किंमत सुमारे ६२ टक्के फुगते. आपल्या लेखांत मंगेलिनचा आकडा येईल तिथे गावही यायलाच हवं.