तांबट आणि बसंता

उत्तरेकडे नोकरीनिमित्त येऊन राहिलेल्या मराठी माणसास माघ-फाल्गुनात एक ओळखीचा आवाज भेटतो. टुक्, टुक्, टुक्, अगदी एका लयीत, ऊन चढले तरी न थकता. आपण या पक्ष्यास तांबट म्हणतो. इंग्रजीनेही त्याला तांब्याची भांडी ठोकणाऱ्याचेच नाव दिले आहे. हिंदी भाषिक मात्र त्यालाच 'छोटा बसंता' म्हणतात. बंगालीने तर दोन्ही गोष्टी एकत्र करून त्याचे नाव 'सेकरा बसंत', म्हणजे सोनार-वसंत, असे ठेविले आहे. एकाने कान दिला, दुसऱ्याने पंचांग पाहिले, तिसऱ्याने दोन्ही केले. पक्ष्याला नाव देणे हीच त्याच्यावरील पहिली टीका होय, असे आम्हांस वाटते. आणि वसंतात गळ्यात दुर्बीण व कॅमेरा अडकवून गावाबाहेरच्या रानात जाणाऱ्या मंडळींनी जे वाङ्मय निर्माण केले, त्याचा विचार करताना हीच कसोटी लावावी असा आमचा विचार आहे. लेखकाने कान दिला आहे, की नुसते पंचांग पाहिले आहे?

पंचांग पाहण्याची खोड आपल्या काव्यात जुनी आहे, असे म्हणण्याचा प्रघात पडला आहे. तो अर्धाच खरा. संस्कृत कवींनी कोकिळास 'परभृत', म्हणजे दुसऱ्याने पोसलेला, असे नाव दिले, ते कोणीतरी कावळ्याच्या घरट्यात डोकावून पाहिल्याखेरीज देता आलेच नसते. 'शाकुंतला'च्या पाचव्या अंकात दुष्यन्त शकुंतलेस दूषण देताना याच गोष्टीचा दाखला देतो, आणि तो दाखला पक्षिशास्त्राच्या दृष्टीने चोख आहे. बिघाड झाला तो पुढे. गाणारा तो काळाभोर, लाल डोळ्यांचा नर. मादी तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके असलेली, आणि तिच्या कंठातून निघतो तो केवळ किक्-किक् असा कर्कश स्वर. तरीही आमच्या कवितेत गाते ती 'कोकिळा'च. लता मंगेशकरांना आपण गानकोकिळा म्हटले, त्यातील आदराविषयी वाद नाही. पण त्या पदवीने आपण पाहिलेल्या नव्हे, तर वाचलेल्या पक्ष्याची साक्ष दिली, हेही खरे.

वाचलेल्या वसंताचा दुसरा पगडा इंग्रजीचा. तेथील वसंत म्हणजे पक्ष्यांचे परतणे. हिवाळाभर मुक्या झालेल्या झाडीत दक्षिणेकडून पाहुणे येतात आणि कवी हर्षभरित होतात. आपल्याकडे वसंत हा पुष्कळसा निरोपाचा ऋतू आहे. भरतपूरच्या पाणथळीतून फाल्गुन-चैत्रात बदके उठून जाऊ लागतात. निष्पर्ण सावरीवर (दिल्लीकर तिला सेमल म्हणतात) लाल फुले फुटली की साळुंक्या, बुलबुल, कावळे यांची जत्रा भरते, आणि त्यांत भोरड्यांचे गुलाबी थवेही असतात. देशावरच्या शेतकऱ्याने याच भोरड्यांना ज्वारीच्या कणसांवरून गोफणीने हाकलले आहे. वैशाखापूर्वी त्या मध्य आशियाच्या वाटेला लागतात आणि आपला संसार तेथे मांडतात. हे सारे दरवर्षी डोळ्यांपुढे घडत असूनही आमच्या ललित लेखांत वसंताचे पक्षी येतातच, जात नाहीत. आणखी एक गोष्ट: घरट्यांचा हंगामही आपल्याकडे सर्वस्वी वसंताचा नव्हे. सलीम अलींनी १९३० साली अलिबागजवळच्या किहीम येथे सुगरणीचा जो विख्यात अभ्यास केला, तो पावसाळ्यातला. नर अर्धवट घरटी विणतो, मादी येऊन ती पारखते, एखादे पसंत करते, आणि तिचे बस्तान बसताच नर दुसऱ्या घरट्यास हात घालतो, हे त्यांनी तासन्‌तास एका जागी बसून पाहिले. ज्याला 'विणकरी' म्हणून आपण कौतुकाने डोक्यावर घेतो, त्याच्या संसाराची ही हकीकत आमच्या पाठ्यपुस्तकांनी अजूनही नीटशी सांगितलेली नाही.

आता छायाचित्रांकडे वळू. पूर्वीच्या काळी भिंग तोकडे आणि फिल्म मंद. म्हणून पक्षी पुन्हा नेमका जेथे येईल अशी जागा छायाचित्रकारास हवी असे. अशी जागा म्हणजे घरटे. त्यामुळे त्या काळची पक्षिचित्रे बहुतेक घरट्यावरची आहेत, आणि त्यांसोबतचे वाङ्मयही घरट्याभोवतीचे आहे. सिंगापूरचे उद्योजक लोके वान थो यांचे 'अ कंपनी ऑफ बर्ड्‌स' हे १९५७ सालचे पुस्तक या परंपरेतले. शिकारी ज्याला लपण म्हणतात तसला आडोसा उभारून त्यात घामाघूम होत बसण्याची ही कला होती, आणि त्या बसण्यातच अर्धे निरीक्षण आपोआप होऊन जाई. १९५५ ते १९६० या काळात दिल्लीत ब्रिटनचे उच्चायुक्त असलेले माल्कम मॅक्डोनाल्ड यांनी आपल्या निवासस्थानाच्या बागेतील पक्ष्यांवर लिहिलेले 'बर्ड्‌स इन माय इंडियन गार्डन' १९६० मध्ये निघाले. त्यातील छायाचित्रे क्रिस्टिना लोके यांची. येथे लिहिणारा एक आणि टिपणारी दुसरी, ही वाटणी आम्हांस फार मोलाची वाटते. ज्याला चित्र मिळवायचे नाही, त्याला पक्षी उडून गेल्यावरही झाडाकडे पाहात राहण्याची सवड असते. एकाच माणसाने दोन्ही कामे अंगावर घेतली की बहुधा लेखणीच मागे पडते.

या नियमास एक ठळक अपवाद आहे, तो मद्रासच्या एम. कृष्णन यांचा. कोलकात्याच्या 'स्टेट्समन' पत्रात १९५० पासून १९९६ साली मृत्यू येईपर्यंत ते आपले सदर लिहीत होते. आणि छायाचित्रे काढीत ती कृष्णधवल. रंगाचा आधार नाही, त्यामुळे शब्दांना काम करावेच लागे. दुर्मीळ पक्ष्याच्या मागे धावण्याऐवजी अंगणातल्या प्राण्यांवर ते ज्या सूक्ष्मतेने लिहीत, ती मराठीत आणावी असे कोणास वाटले तर नवल नाही. ते अवघड मात्र आहे, कारण त्या गद्यातला थोडा खवचटपणा हा त्यांच्या स्वभावाचा भाग होता.

आजच्या लांब भिंगांना घरट्याची गरज उरलेली नाही. तरीही चैत्रात एखाद्या हळद्याचे किंवा नाचणाचे घरटे सापडले की तेथे रांग लागते. चित्र स्वच्छ यावे म्हणून आडवी फांदी मोडली जाते. मग पिलांवर ऊन येते, आणि उन्हामागून कावळा येतो. अनेक स्पर्धांनी घरट्यावरची चित्रे आता बाद ठरविली आहेत, ते योग्यच झाले. पक्ष्याच्याच आवाजाचे ध्वनिमुद्रण वाजवून त्याला समोर ओढण्याचा प्रकार तर आम्हांस वाङ्मयीन दृष्ट्याही गैर वाटतो. प्रतिस्पर्धी समजून धावून आलेल्या नराच्या चित्राखाली 'वसंताचा आनंद' असे लिहिणे हा उघड खोटा मथळा होय. आणि तांबटाचे घ्या. तो चोच मिटून, गळा फुगवून बोलतो आणि बोलताना मान या बाजूस, त्या बाजूस वळवितो, त्यामुळे आवाज कोठून येतो हे कळता कळत नाही. त्याचे सर्व रहस्य या शोधाशोधीत आहे. चित्रात मात्र हिरवा, तांबड्या कपाळाचा, चिमणीहून थोडा मोठा पक्षी स्वस्थ बसलेला दिसतो.

'चिमणीहून मोठा' ही मापनाची रीत सलीम अलींच्या १९४१ सालच्या 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स' या पुस्तकाने घरोघरी पोहोचविली. चिमणी, बुलबुल, साळुंकी, कावळा, घार ही त्यांची परिमाणे. वाचकाला जे ठाऊक आहे त्यावरून अज्ञाताकडे नेणे, ही साधी गद्यकला आमच्या रानभ्रमंतीच्या लेखकांनी उचलली असती तर बरे झाले असते. त्याऐवजी त्यांच्या लेखांत धुके, दव आणि अरुणोदय यांना दोन पाने मिळतात, पक्ष्याला एक ओळ, तीही चार विशेषणांची. तारीख नाही, झाडाचे नाव नाही. मारुती चितमपल्ली या दोषापासून दूर राहिले. वनखात्यातील नोकरीने त्यांना रान दिले, आणि रानातल्या माणसांकडून त्यांनी पक्ष्यांची नावे गोळा केली. मराठीचे हे ऋण २०२५ साली त्यांच्या निधनानंतर अधिकच जाणवते. तरीही लोककथा आणि प्रत्यक्ष पाहिलेली घटना ही दोन्ही ते एकाच स्वरात सांगतात, त्यामुळे कोणत्या वाक्यावर किती भार टाकावा हे वाचकास ठरविता येत नाही, ही आमची तक्रार आम्ही मागे घेत नाही.

बदलीच्या गावी राहणाऱ्या वाचकांस हा विषय परका वाटू नये. साताऱ्यास १८५१ साली जन्मलेले आणि मुंबई इलाख्याच्या जकात व मीठ खात्यात नोकरी केलेले एडवर्ड एट्‌कन 'ईहा' या नावाने लिहीत. बंगल्याचा व्हरांडा आणि आवार एवढ्या भांडवलावर त्यांचे लिखाण उभे आहे. १९०० सालचे त्यांचे मुंबईच्या पक्ष्यांवरील पुस्तक आजही हसत हसत वाचता येते. आज नोंदी करणारे हात वाढले आहेत. भारतातील पक्ष्यांच्या स्थितीविषयीचा २०२३ सालचा अहवाल तीस हजारांहून अधिक हौशी निरीक्षकांच्या तीन कोटींवर नोंदींच्या आधारे ९४२ जातींबद्दल बोलतो. शास्त्रास एवढे पुरते. साहित्यास मात्र त्या नोंदींतील एखादी उलगडून लिहावी लागते.

उदाहरणार्थ, सरकारी वसाहतींच्या सपाट गच्च्यांवर टिटवी कधी कधी खड्यांत अंडी घालते. ऊन तापले की ती पाण्यावर जाऊन पोटाची पिसे भिजवून येते आणि तशीच अंड्यांवर बसते. हे कळण्यास गच्चीच्या दारामागे सकाळचे दोन तास बसावे लागते. चित्रात दिसतो तो नुसता ओल्या पोटाचा पक्षी.