कमानीवरची शिरोरेषा

उत्सवाच्या दिवसांत देवळांपुढे उभ्या राहणाऱ्या कमानींवर रंगांची वा रोषणाईची उणीव क्वचितच असते. उणीव दिसते ती वळणावर लिहिलेल्या देवतेच्या नावात. शिरोरेषेचे तुकडे पडलेले असतात आणि फटींतून मागचा फलक डोकावतो. कारागिराने हयगय केली, असे बहुधा नसते. खोड संगणकावरील अक्षररचनेत आहे. ती कोणी दुरुस्त करून मागत नाही, हा आमचा आक्षेप.

इंकस्केपसारख्या प्रोग्रॅममध्ये वक्ररेषा काढावी, मजकूर लिहावा आणि तो रेषेवर बसविण्याची आज्ञा द्यावी. काम क्षणात होते. २००१ साली प्रमाण ठरलेल्या एसव्हीजी पद्धतीत याची स्वतंत्र योजनाच आहे. तिचा नेहमीचा नियम असा की, अक्षराच्या रुंदीच्या मध्याशी वक्राचा जो कल असेल, तितके ते अक्षर फिरवावयाचे. अक्षर कलते, वाकत नाही. रोमन अक्षरे सुटी व पायावर उभी. त्यांना हे मानवते. आपली अक्षरे माथ्याच्या रेषेला लटकतात. मराठी असो की देवनागरीतील कोंकणी, शब्दाचे एकत्व त्या रेषेनेच राखलेले असते.

हिशेबच पाहावा. पायाच्या कंसाची त्रिज्या १२० सेंटीमीटर व अक्षरांची उंची २० सेंटीमीटर धरली, तर माथ्याचा कंस एक षष्ठांशाने लांब होतो. म्हणजे १८ सेंटीमीटर रुंद अक्षरामागे शिरोरेषेत ३ सेंटीमीटरांची फट. अक्षरे जवळ ओढून ती बुजविली, तरी सरळ तुकड्यांच्या सांध्यांवर कोपरे राहतातच.

यावर सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे माथ्यावरून एक अखंड कंस ओढून देणे. हा उपाय दुखण्याहून वाईट. 'ध' आणि 'भ' यांच्या माथ्यावर शिरोरेषा मुद्दाम तुटलेली असते. ती सांधली की 'भगवती'ची 'मगवती' होते आणि 'माधवा'चा 'माघव'. 'ध'चा 'मा' झाल्याची कथा आपण अजून सांगतो; येथे तर प्रत्यक्ष देवतेचे नाव बदलते, आणि खालून दर्शनाला जाणाऱ्या कोणाच्या ते ध्यानातही येत नाही!

खरा मार्ग थोड्या कष्टाचा आहे. मजकुराचे बाह्याकृतीत रूपांतर करून सबंध शब्दच वाकवावा. मग शिरोरेषा खरोखर कंसाकार होते, 'भ'ची फट जागच्या जागी राहते. मात्र पुढे मजकुरात शुद्धलेखनाची दुरुस्ती करता येत नाही. म्हणून मूळ प्रत वेगळी जपून ठेवावी. उथळ कमानीवर हे शोभून दिसते. अर्धवर्तुळाकार कमानीवर नको. तेथे अक्षरांचे माथे फुगतात, पाय आखडतात. अशा ठिकाणी कमानीखाली सरळ पट्टी लावून तिच्यावर नाव लिहावे, आणि वळणावर वेलबुट्टी काढावी.