आमच्यावरची पुस्तके आणि आम्ही

समाजशास्त्राचे पुस्तक किती जणांनी वाचले, यापेक्षा ज्यांच्याविषयी ते लिहिले त्यांच्यापर्यंत ते पोहोचले का, हा प्रश्न आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. या कसोटीवर दोन पुस्तके तपासून पाहू.

पहिले, इम्तियाज अहमद यांनी संपादित केलेले भारतीय मुसलमानांतील जात आणि सामाजिक स्तररचनेवरील इंग्रजी पुस्तक, १९७३ सालचे. इस्लाममध्ये जात नाही, हे खरे. पण मुसलमानांत ती आहे, हे या लेखकांनी गावोगाव फिरून दाखवले. अभ्यासकांत हे पुस्तक मान्य झाले, आजही त्याचे दाखले दिले जातात. परंतु बागवान, अत्तार, पिंजारी, कुरेशी यांच्या मोहल्ल्यात ते आले नाही. शिवाय त्यात उत्तर प्रदेश, राजस्थान, कोलकाता, तामिळनाडू आहे. मराठवाड्याचा मुसलमान मात्र त्यात भेटत नाही. ही त्या पुस्तकाची मर्यादा आम्ही मानतो.

दुसरे, सच्चर समितीचा अहवाल. नोव्हेंबर २००६ मध्ये तो संसदेत मांडला गेला. अशराफ, अजलाफ, अरजल ही अभ्यासकांची चर्चा त्यातील मुस्लिम ओबीसींच्या प्रकरणात आली आणि वर्तमानपत्रांतून चहाच्या हॉटेलापर्यंत गेली. प्रभाव म्हणावा तो हा! पण अहवाल पोहोचला तो तुकड्या-तुकड्यांनी. व्यासपीठावरून त्याचे नाव घेणारे पुष्कळ, पाने उलटणारे थोडे. शाळेत जाण्याच्या वयाच्या मुस्लिम मुलांपैकी जेमतेम ३ ते ४ टक्के मुले मदरशांत शिकतात, असे त्यात नोंदले आहे. तरीही ‘यांची मुले मदरशातच जातात’ हे वाक्य आजही ऐकू येते. आम्ही उर्दू शाळेत शिकवणारे; आमच्या वर्गांची गर्दी या समजाला रोज उत्तर देते, पण आकडा हाताशी असेल तर ते उत्तर ठणकावून देता येते.

अडचण भाषेची आहे. कंधार हैदराबाद संस्थानात होते, तेव्हा १९१७ साली हैदराबादेत दारुल तर्जुमा स्थापन झाले आणि पाठोपाठ उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षण उर्दूतून सुरू झाले. आधुनिक विद्या देशी भाषेत आणता येते, हे तिथे सिद्ध झाले. त्याचा उगीच गौरव करण्याचे कारण नाही. मराठी बोलणाऱ्या बहुसंख्य रयतेला ते दार बंदच होते. पण त्यातून धडा घ्यायला हरकत नसावी.

मराठीत हे काम सोलापूरचे प्रा. फकरुद्दीन बेन्नूर यांनी केले. मुस्लिम समाजरचनेविषयी ते आयुष्यभर मराठीतून लिहीत राहिले. २०१८ मध्ये ते गेले. त्यांच्या लेखनाशी वाद घालता येतो, कारण ते आपल्याला कळते. ज्या पुस्तकाशी वाद घालता येत नाही, त्याचा प्रभाव आपल्यावर पडत नाही. फक्त शिक्का बसतो.

म्हणून आमचे म्हणणे साधे आहे. बी.एड. झालेल्या, इंग्रजी जाणणाऱ्या शिक्षकांनी वर्षाला अशा एका पुस्तकाचे एक प्रकरण मराठीत आणि उर्दूत सांगावे. मोहल्ल्यातील वडीलधाऱ्यांनी, आया-बहिणींनी ते ऐकून ‘हे बरोबर, हे चूक’ म्हणावे. तो अभिप्राय लिहून ठेवावा. आमच्यावर लिहिले गेले पुष्कळ. आता त्यावर आमचाही शेरा पडला पाहिजे.