मुक्काम काय विचारतो?

'पर्यावरणस्नेही' म्हणवणाऱ्या हॉस्टेलांच्या भिंतीवरचा मजकूर साधारण एकाच वळणाचा असतो. पाणी जपून वापरा, टॉवेल रोज धुवायला टाकू नका, प्लास्टिकच्या बाटल्या आणू नका, ओला-सुका कचरा वेगळा ठेवा. गोव्यात, कोकणात, हिमाचलात जिथे मुक्काम पडला तिथला हा मजकूर गेली काही वर्षे मी वहीत उतरवून घेत आलो आहे. कवितेकडे किंवा कथेकडे आपण ज्या चिकित्सेने पाहतो, तिनेच या मजकुराकडेही पाहावे. तो काय सांगतो याइतकेच तो काय टाळतो हेही तपासावे, असे मला वाटते. माझे म्हणणे थोडक्यात असे : आजचे हिरवे हॉस्टेल पाहुण्याला 'तू इथे राहून काय वाचवशील?' हे विचारते. 'तू इथवर आलास कसा?' हे विचारत नाही. आणि हिशेबातला मोठा आकडा नेमका या न विचारलेल्या प्रश्नात आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक पर्यटन संघटनेने आणि पर्यावरण कार्यक्रमाने २००८ मध्ये एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यातल्या २००५ सालच्या आकड्यांनुसार पर्यटनातून होणाऱ्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात वाहतुकीचा वाटा सुमारे ७५ टक्के होता. एकट्या विमानप्रवासाचा ४० टक्के. निवासाचा वाटा २१ टक्के. म्हणजे जगातली सगळी हॉटेले आणि हॉस्टेले उद्या सौरऊर्जेवर चालू लागली, तरी चारांतले तीन भाग जागेवरच राहतात. हॉस्टेलात खरी बचत होते ती दाटीमुळे. आठ जणांत एक खोली, एक पंखा, एक न्हाणीघर. बांबूच्या खाटा आणि भिंतीवरचे वारली चित्र यांचा त्या बचतीशी फारसा संबंध नाही. पण जाहिरातीत पुढे येतात ती खाट आणि चित्रच. दाटी कोणी मिरवत नाही.

'ग्रीनवॉशिंग' हा शब्द आता सर्वांच्या तोंडी आहे. त्याचा उगम एका मुक्कामाच्या जागेत आहे, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. अमेरिकन पर्यावरण-अभ्यासक जे वेस्टरवेल्ड यांना फिजी बेटांवरच्या एका रिसॉर्टमध्ये टॉवेल पुन्हा वापरण्याची विनंती करणारी चिठ्ठी दिसली. निसर्ग वाचवा म्हणणारे ते रिसॉर्ट त्याच वेळी स्वतःचा विस्तार करत होते. १९८६ मध्ये लिहिलेल्या निबंधात त्यांनी या वृत्तीला हे नाव दिले. अर्थात अशा चिठ्ठ्या निरुपयोगी असतात असे नाही. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात नेहमीच्या 'पर्यावरण वाचवा' या विनंतीला सुमारे ३५ टक्के पाहुण्यांनी प्रतिसाद दिला; 'इतर बहुतेक पाहुणे टॉवेल पुन्हा वापरतात' असे लिहिल्यावर हे प्रमाण सुमारे ४४ टक्क्यांवर गेले. शब्दांनी वागणे बदलते. म्हणूनच कोणते शब्द लिहिले जात नाहीत, याला महत्त्व आहे.

हॉस्टेल या संस्थेचा जन्म मात्र वेगळ्या प्रश्नातून झाला. जर्मनीतल्या आल्टेना गावचे शिक्षक रिचर्ड शिरमान १९०९ मध्ये विद्यार्थ्यांना घेऊन पायी सहलीवर असताना वादळात सापडले आणि एका शाळेत रात्र काढावी लागली. सुटीत रिकाम्या राहणाऱ्या शाळांत पायी हिंडणाऱ्या मुलांची सोय का करू नये, ही कल्पना त्यातून निघाली. १९१२ मध्ये आल्टेनाच्या किल्ल्यात कायमचे हॉस्टेल उभे राहिले. १९३० मध्ये ब्रिटनमध्ये हीच चळवळ सुरू झाली, तेव्हा एका रात्रीचे भाडे एक शिलिंग होते. निघण्यापूर्वी झाडलोट, भांडी असे काही काम पाहुण्याला करावे लागे, आणि मोटारीने येणाऱ्याला तिथे जागा नव्हती. 'कसा आलास?' हा तिथे दारातलाच प्रश्न होता. 'पर्यावरणस्नेही' हा शब्द त्या काळी कोणाच्या गावीही नव्हता.

आपल्याकडेही चालणे आणि मुक्काम यांची अशी सांगड जुनीच आहे. वारीचे तळ, नर्मदाकाठची सदावर्ते ही चालणाऱ्यासाठीच असतात. गो. नी. दांडेकरांची 'कुणा एकाची भ्रमणगाथा' किंवा जगन्नाथ कुंटे यांचे 'नर्मदे हर हर' वाचताना रात्रीचा आसरा हा दिवसभराच्या चालीपासून वेगळा काढता येत नाही.

पण इथे थांबलो तर 'जुने ते सोने' म्हटल्यासारखे होईल. आपला जुना मुक्कामही एक प्रश्न विचारत होता : 'तू कोण?' १९१७ मध्ये परदेशातून शिकून बडोद्याच्या नोकरीवर रुजू व्हायला गेलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना तिथे राहायला जागा मिळेना. पारशी नाव नोंदवून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले; जात उघड झाल्यावर काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये त्यांनी हे लिहून ठेवले आहे. इरावती कर्वे यांच्या 'परिपूर्ती'तल्या 'वाटचाल' या लेखात एकाच दिंडीतल्या ब्राह्मण आणि मराठा मंडळींच्या वेगळ्या जेवणाची नोंद आहे. साधेपणा, काटकसर, पायी चालणे हे सगळे असूनही मुक्काम अन्यायी असू शकतो. तिऱ्हाइताला शेजारची खाट देणारे आजचे हॉस्टेल या बाबतीत नक्कीच पुढे गेले आहे, आणि ते मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

हे दोन्ही प्रश्न एकत्र भेटतात ते माथेरानला. तिथे 'कसा आलास?' हे अख्खे गावच विचारते. मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात. नेरळहून १९०७ पासून छोटी गाडी आहे. २००३ मध्ये हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित झाला. पण नाक्यापासून पुढे सामान आणि माणसे वाहिली कोणी? घोड्यांनी, हमालांनी आणि हातरिक्षा ओढणाऱ्या माणसांनी. धूर नसलेल्या रस्त्याची किंमत कोणाच्या तरी छातीच्या भात्याने चुकवली. हातरिक्षा ओढणाऱ्यांनीच ई-रिक्षा मागितल्या, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. निसर्गाला न दुखावणारा प्रवास माणसाला दुखावत असेल, तर त्याला शाश्वत म्हणता येणार नाही.

म्हणून प्रवासवर्णन वाचताना किंवा मुक्कामाची जागा निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात, असे मी सुचवतो : माणूस आला कसा, राहिला किती दिवस, आणि त्याचे ओझे उचलले कोणी. वर्षातून चार विमानप्रवास करून चार हिरव्या हॉस्टेलांत दोन-दोन रात्री काढण्यापेक्षा, रेल्वेने किंवा एसटीने जाऊन साध्या घरगुती खानावळीच्या गावी आठ दिवस राहणे अधिक शाश्वत आहे. त्याची छायाचित्रे तितकी देखणी येणार नाहीत, इतकेच.

हॉस्टेलांनाही फार काही करायला नको. नोंदवहीत 'कुठून आलात' हा रकाना असतोच. त्याच्या शेजारी 'कशाने आलात' एवढा एक रकाना वाढवावा, आणि रेल्वेने, एसटीने वा पायी आलेल्याला भाड्यात थोडी सवलत द्यावी. भिंतीवरच्या मजकुराचा खरेपणा मग त्या वहीतून पडताळून पाहता येईल.