क्लॅरिनेटची निवड आणि श्रेणींची भाषा

वाद्यविक्रेत्यांची सूचिपत्रके आणि त्यांच्या आधाराने लिहिलेली शिक्षणपुस्तके क्लॅरिनेटचे तीन वर्ग सांगतात : विद्यार्थ्याचे, मध्यम श्रेणीचे व व्यावसायिकाचे. वर्णन वाद्याचे चालले आहे असा समज त्यामुळे होतो. वस्तुतः या तिन्ही शब्दांनी वाद्याविषयी फारच थोडे कळते. ते बोलतात वादकाविषयी, आणि तेही एका विशिष्ट समाजातील वादकाविषयी. हा समाज सोडून अन्यत्र हीच श्रेणी प्रमाण मानली, तर वाद्यांची तुलना पहिल्याच पायरीवर चुकते. सोलापूर जिल्ह्यातील मोडनिंबसारखे गाव डोळ्यांसमोर ठेवले म्हणजे ही चूक स्पष्ट दिसू लागते.

माढा तालुक्यातील, पुणे-सोलापूर मार्गावरचे हे गाव रसिकांना ठाऊक आहे ते संगीतबारीच्या कलाकेंद्रांमुळे. तेथे लावणीचा सूर धरते ती पेटी, आणि लय राखतात ढोलकी व तबला. क्लॅरिनेटचे स्थान या बैठकीबाहेरचे; या भागातल्या गावोगावी ते लग्नाच्या बँडबरोबर आले. परंतु बँडमध्ये वाजते काय, हे पाहिले की ही सीमारेषा पुसट होते. नवरदेवाच्या वरातीत बँडवाला जी चीज हटकून वाजवतो ती लावणीच असते, आणि ऐकणाऱ्याच्या कानात त्या लावणीची मूळ गायकी आधीच भरलेली असते. म्हणजे क्लॅरिनेटवाल्याला गायिकेच्या कंठाशी स्पर्धा करावी लागते. ढाल्या आवाजातील आळवणी, स्वरावरून स्वरावर घसरत जाणे, समेच्या अलीकडे घेतलेला हेलकावा हे सर्व नळीतून काढून दाखवावे लागते. ते निघाले नाही तर सूर शुद्ध असूनही 'लावणी लागली नाही' असा शेरा मिळतो, आणि तो योग्यच असतो.

सूचिपत्रकातील श्रेणीचा उगम शोधला तर तो युरोप-अमेरिकेतील शाळांच्या वाद्यवृंदांत सापडतो. तेथे मूल शाळेत स्वस्त वाद्य घेते किंवा भाड्याने आणते, काही वर्षे लिपीवरून शिकते, मग पुढच्या वाद्याकडे वळते, आणि क्वचित कोणी त्यावर पोट भरू लागतो. शिकणे आधी, कमाई नंतर, असा हा क्रम आहे. त्या क्रमात 'विद्यार्थी' आणि 'व्यावसायिक' हे शब्द परस्परविरोधी ठरतात व त्यांच्यामध्ये 'मध्यम' हा शब्द सुखाने बसतो. गावच्या बँडमध्ये शिकाऊ मुलगा पहिल्याच लग्नसराईत रांगेच्या कडेला उभा राहतो, जाणत्याच्या मागे लांब सूर भरतो, आणि त्या रात्रीच्या बिदागीत त्याचाही थोडा वाटा असतो. तो विद्यार्थी आहे आणि व्यावसायिकही आहे. त्याला सूचिपत्रक जे 'विद्यार्थ्याचे' वाद्य देऊ पाहते ते घरातील सरावासाठी कल्पिलेले असते. त्याला मात्र ते ताशा आणि मोटारींच्या भोंग्यांमध्ये, उघड्या रस्त्यावर, तीन-तीन तास वाजवायचे असते. शब्दाचा अर्थ संदर्भाने ठरतो हे भाषाशास्त्रातील प्राथमिक तत्त्व येथे पैशाच्या हिशेबात उतरते, कारण त्या घरात दुसरे वाद्य घेण्याइतके पैसे बहुधा नसतात.

मग तुलना कशाच्या आधारे करावी? प्रथम वाद्याचा स्वभाव ध्यानात घेणे अवश्य आहे. सोलापूरच्या परिसराला सुषिर वाद्ये नवी नाहीत. सनई आहे, आणि तिच्याहून आखूड व चढ्या आवाजाची सुंदरी सोलापूरच्या जाधव घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या वाजत आली आहे. ही दोन्ही दुहेरी पत्तीची आणि शंक्वाकार पोकळीची वाद्ये होत. फुंक वाढवली की त्यांचा स्वर एका सप्तकाने वर जातो, म्हणून खालच्या सप्तकात जी बोटे तीच वरच्या सप्तकात. क्लॅरिनेटची पत्ती एकेरी आणि नळी जवळजवळ सरळ दंडगोल आहे. एका बाजूने बंद असलेल्या अशा नळीत विषम संवादी स्वरच प्रबळ होतात. म्हणून अंगठ्याची चावी उघडताच षड्ज हा तार षड्जावर न जाता तार सप्तकातील पंचमावर उडी घेतो. बोटांची पुनरावृत्ती होण्यापूर्वी बाराऐवजी एकोणीस अर्धस्वर भरून काढावे लागतात, आणि त्यासाठी दहा बोटे पुरत नाहीत. क्लॅरिनेटवरील चाव्यांचे जंजाळ ही हौस नसून या एका ध्वनिशास्त्रीय गोष्टीची किंमत आहे. सनईवरून क्लॅरिनेटकडे वळलेल्या वादकाचे हात पहिले काही महिने गोंधळतात ते यामुळेच. बुद्धिमान वादकाचेही गोंधळतात.

या रचनेचा परिणाम कोठे बोचतो ते नेमके सांगता येते. बाजारात सर्वत्र मिळणारे क्लॅरिनेट बी फ्लॅटचे, म्हणजे पेटीच्या भाषेत काळी पाचचे. स्त्रियांचा षड्ज बहुधा काळी चार-काळी पाचच्या आसपास असतो. गायिकेने काळी पाच धरली तर मध्य षड्ज डाव्या हाताच्या बोटांखाली सुरेख येतो. परंतु मध्य सप्तकाच्या धैवतावरून शुद्ध निषादावर जाताना जवळजवळ सर्व बोटे उचललेली असतात ती एकदम सर्व मिटावी लागतात. दोन स्वरांमधली ही दरी बोटांनी भरता येत नाही; मींड हवी असेल तर ती ओठांनी आणि घशानेच काढावी लागते. काळी चार धरली तर अडचण अधिक नाजूक होते, कारण तार षड्ज नेमका वाद्याच्या सर्वांत दुबळ्या स्वरावर पडतो. त्या स्वरासाठी जे छिद्र उघडते तेच वरच्या सप्तकात जाण्यासाठीही वापरले जाते. दोन्ही कामांना पुरेल अशा आकाराची तडजोड कारागिराला करावी लागते, आणि स्वर बसका निघतो. लावणीत तार षड्जावर ठाण मांडायचे असते. तेथेच वाद्य मिणमिणते. रस्त्यावरच्या बँडला गायिका नसते, म्हणून तो आपला षड्ज सोयीने निवडतो. गायिकेच्या साथीला बसणाऱ्याला ही मोकळीक नसते. तेव्हा दोन क्लॅरिनेटांची तुलना करताना सर्वांत खालचा घनगंभीर स्वर काढून भुलण्यापेक्षा गळ्याजवळचे हे तीन-चार स्वर आधी वाजवून पाहावेत. एका वाद्यात ते सुसह्य असतात, दुसऱ्यात असह्य. आणि किमतीशी या फरकाचा संबंध दरवेळी असतोच असे नाही.

यानंतर चाव्यांच्या रचनेचा प्रश्न येतो, आणि येथे पक्ष-प्रतिपक्ष तावातावाने बोलतात. न्यूरेंबर्गच्या डेनरने अठराव्या शतकाच्या प्रारंभी घडवलेल्या वाद्याला मोजक्याच चाव्या होत्या. इव्हान म्यूलरने १८१२ मध्ये तेरा चाव्यांचे वाद्य पुढे आणले, व त्याच वंशातील सुधारलेली रचना ब्रुसेल्सच्या अल्बेर यांच्या नावाने रूढ झाली. क्लोझे आणि ब्यूफे यांनी बोमच्या बासरीवरील फिरत्या कड्यांची कल्पना उचलून १८३९ मध्ये पॅरिसला नवे वाद्य मांडले, १८४४ मध्ये त्याचे एकस्व घेतले. सतरा चाव्या व सहा कडी असलेली हीच 'बोम' पद्धती आज जगभर चालते. पाश्चात्त्य पुस्तके बोमला प्रगती आणि अल्बेरला इतिहासजमा मानतात. उलट भारतीय संगीताचे अभिमानी अल्बेरला 'आपली' पद्धती म्हणतात. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. बोम पद्धतीत छिद्राभोवतीच्या कड्याला दुसरी एखादी झडप जोडलेली असते. बोट हळूहळू सरकवून स्वर चढवू जावे तर कडे उचलले जाते, झडप खाडकन उघडते आणि मींड मध्येच तुटते. अल्बेरवर अशी कडी थोडी, म्हणून बोट मोकळेपणे सरकते. दक्षिणेत या मोकळ्या छिद्रांचा लाभ घेऊन क्लॅरिनेटने कर्नाटक संगीतात प्रतिष्ठेचे स्थान मिळवले. तंजावरच्या दरबारात पाश्चात्त्य वाद्ये वाजू लागली ती दुसऱ्या सरफोजी भोसल्यांच्या कारकिर्दीत (१७९८-१८३२), म्हणजे मराठी राजाच्या आश्रयाने. पुढे नृत्याच्या साथीत क्लॅरिनेट आणण्याचे श्रेय महादेव नट्टुवनार यांना दिले जाते, आणि विसाव्या शतकात ए. के. सी. नटराजन यांनी ते नागस्वराच्या तोडीचे मैफलीचे वाद्य करून दाखवले. मराठी मुलखात क्लॅरिनेटला असा स्वतंत्र पंथ लाभला नाही. १९४० नंतरच्या दशकांत मास्टर इब्राहीम यांच्या ध्वनिमुद्रिकांनी ते घराघरांत पोचवले खरे, पण ते चित्रपटगीतांच्या वाटेने.

तथापि अल्बेरच्या अभिमान्यांचा सल्ला शिकाऊ वादकाला जसाच्या तसा देणे धोक्याचे आहे. अशी नवी वाद्ये आज सहज मिळत नाहीत. मिळतात ती जुनी, हस्ते परहस्ते आलेली, आणि त्यांतील काही ब्रिटिश लष्करी बँडांच्या काळातील. त्या बँडांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत चढा स्वरमान सांभाळला होता : 'ए' हा स्वर सेकंदाला सुमारे ४५२ कंपनांचा. पुढे १९३९ च्या लंडन परिषदेत ४४० हे मान मान्य झाले, आणि आजच्या पेट्या व इलेक्ट्रॉनिक की-बोर्ड बहुधा त्यालाच जुळवलेले असतात. दोहोंत जवळजवळ अर्ध्या अर्धस्वराचे अंतर पडते. 'एच. पी.' अशी अक्षरे कोरलेले जुने वाद्य कितीही गोड वाटले तरी पेटीबरोबर ते कायमचे चढेच लागणार. बॅरल ओढून ते उतरवू पाहिले तर आखूड नळीचे, म्हणजे गळ्याजवळचेच स्वर सर्वांत अधिक उतरतात, आणि जे आधीच दुबळे होते ते आता बेसूरही होतात. 'एल. पी.' असा शिक्का असलेले, किंवा पेटीशी लावून खात्री केलेले अल्बेर मिळाले तर गोष्ट वेगळी. केवळ परंपरेच्या नावाखाली चढ्या स्वरमानाचे वाद्य मुलाच्या हाती देणे म्हणजे त्याचा कान बिघडवण्याची व्यवस्था करणे होय.

बोमवर मींड निघतच नाही, हेही खरे नाही. बोटांचे काम तेथे कमी होते आणि ओठांचे वाढते, एवढेच. म्हणूनच नळीपेक्षा माउथपीस आणि पत्ती यांना अधिक महत्त्व द्यावयास हवे, आणि नेमका हाच भाग शिक्षणपुस्तकांत परिशिष्टासारखा उरकलेला असतो. माउथपीसचे तोंड किंचित अधिक उघडे असेल व पत्ती मऊ असेल, क्रमांक दोन किंवा अडीच, तर ओठांच्या दाबाने स्वर पुष्कळ वाकवता येतो. तोंड मिटलेले आणि पत्ती कडक असेल तर स्वर जागच्या जागी ताठ उभा राहतो. लिपीवरून वाद्यवृंदात वाजवणाऱ्याला हा ताठरपणा गुण वाटतो, लावणी वाजवणाऱ्याला तो दोष होतो. अर्थात मऊ पत्तीने उंच स्वर उतरू लागतात व मिरवणुकीत आवाजही लवकर फाटतो. दोन्ही बाजूंचा विचार करूनच मधली जागा शोधावी लागते. सामान्य प्रतीच्या बोम क्लॅरिनेटवर चांगला माउथपीस बसवला तर जो पालट होतो, तो पुष्कळदा सूचिपत्रकातील एका श्रेणीच्या उडीने होत नाही.

लाकूड की प्लॅस्टिक, या प्रश्नाचे उत्तर मोडनिंबची हवा देते. उत्तम क्लॅरिनेट आफ्रिकेतील काळ्या लाकडाचे असते. तेच लाकूड कोरड्या हवेत आणि तापमानाच्या झपाट्याच्या चढउतारात तडकते, आणि सोलापूरचा उन्हाळा चाळिशीपार जाणारा. भर वैशाखातील लग्नात दुपारच्या उन्हात वाजवायचे वाद्य कठीण रबराचे किंवा प्लॅस्टिकचे असणे हे शहाणपणाचे होय. 'विद्यार्थ्याचे' म्हणून हिणवलेला पदार्थ येथे व्यावसायिकाच्या उपयोगाचा ठरतो. उन्हाचा आणखी एक परिणाम कोणत्याही पदार्थाच्या वाद्यावर होतो. हवा एका अंशाने तापली की नळीतील स्वर अर्धस्वराच्या सुमारे तीन शतांशांनी चढतो. वादकाच्या श्वासाची ऊब हा फरक पुष्कळ कमी करते, तरी पौषातील पहाट आणि वैशाखातील दुपार यांत तो कानाला जाणवण्याइतका उरतोच, आणि की-बोर्ड मात्र जागचा हलत नाही. म्हणून थंड दुकानात 'बरोबर चारशेचाळीस' म्हणून घेतलेल्या वाद्याला उन्हाळ्यात उतरण्यास जागा आहे की नाही, हे बॅरल थोडे ओढून तेथेच पाहून घेतलेले बरे.

दुकानातील परीक्षेविषयी सूचिपत्रकांपेक्षा वादकांची स्वतःची बोली अधिक विश्वसनीय आहे, हे येथे नमूद करण्यासारखे आहे. 'सूर फुटतो', 'सूर बसका आहे', 'दम खातो', 'हलके बोलते' हे त्यांचे शब्द वाद्य आणि श्वास यांच्यातील नाते सांगतात; त्यांत किंमत येत नाही की घेणाऱ्याची पायरी येत नाही. 'दम खातो' या तक्रारीमागे बहुधा एखादी न मिटणारी गादी असते, आणि ती ओळखण्याची रीत सोपी आहे : एकेका जोडाची छिद्रे बोटांनी मिटून, खालचे तोंड तळहाताने बंद करून हवा ओढावी, ओढ क्षणभर टिकली नाही तर कोठे तरी हवा निसटते आहे. अशी परीक्षा न करता शिकाऊ मुलगा कित्येक महिने आपल्याच छातीला दोष देत बसतो. श्रेणीच्या शब्दांनी झाकली जाते ती नेमकी हीच गोष्ट, कारण महाग वाद्याची गादीही गळू शकते.

राहता राहिला तो शिकवणाऱ्याचा हात. बँडमधला जाणता वादक अल्बेरवर वाढलेला असेल तर मुलगा त्याची बोटे पाहून शिकतो, लिपी पाहून नव्हे. त्याच्या हाती बोम दिले की पाहिलेले आणि वाजवलेले यांत फाटा फुटतो. काही स्वरांची बोटे जुळतात, काहींची जुळत नाहीत, आणि गुरूला ते समजावून सांगता येत नाही, कारण त्याचे ज्ञान शब्दांत नसून बोटांत असते. अशा ठिकाणी ४४० च्या मानाचे अल्बेर मिळत असेल तर तेच घेणे इष्ट. गुरू बोमवाला असेल, किंवा नादुरुस्त चावीसाठी मेरठच्या जालीकोठीपर्यंत माणूस पाठवण्याची सोय नसेल, तर प्लॅस्टिकचे साधे बोम, मऊ पत्ती आणि वेगळा विकत घेतलेला माउथपीस. खरेदीला जाताना गुरूला आणि पेटीला बरोबर न्यावे, पेटीवर काळी चार दाबून धरावी, आणि मुलाने तार षड्ज लावावा.