‘अस्तु’ : स्मृती गेली, मग माणूस कुठे गेला?

स्मृतीचा धागा तुटला की माणूस तोच राहतो का, हा लॉकचा जुना प्रश्न. आज आम्ही तो एका मराठी चित्रपटाला विचारणार आहोत.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. संस्कृतचे पंडित चक्रपाणि शास्त्री अल्झायमरने सगळं विसरत चाललेत. लेक इरा जरा गाडीतून उतरते, तेवढ्यात शास्त्री हत्तीमागे चालू लागतात. माहुताची बायको चन्नम्मा कानडी बोलणारी. ती त्यांना सांभाळते आणि ते तिला ‘आई’ म्हणतात. मोहन आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ. त्यांनी आजाराचं प्रदर्शन मांडलेलं नाही, म्हणून शास्त्री कुठेही केविलवाणे वाटत नाहीत. चन्नम्मासाठी अमृता सुभाष यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो योग्यच.

चित्रपटाचं मोठेपण असं, की तो लॉकला उत्तर देतो. मेंदूविज्ञानही इथे त्याच्या बाजूला आहे. स्मृती म्हणजे एकच पेटी नव्हे. या आजारात बहुधा ताज्या घटना आधी जातात. जुनं पाठांतर, हाताच्या सवयी, मायेचा स्पर्श ओळखणं बराच काळ टिकतं. लेकीचं नाव सुटतं, पण श्लोक ओठांवर येतो. म्हणजे माणूस गेलेला नसतो.

आमची तक्रार पुढे आहे. चन्नम्मा भेटणं हा योगायोग. ज्या घरात ती भेटत नाही, तिथे काय? शिवाय ‘म्हातारा पुन्हा मूल झाला’ हे अर्धसत्य आहे. मुलासोबत काम करणारा उपचारक नवं घडवायला मदत करतो. इथे आधी काय उरलंय ते तपासायचं आणि त्यावर दिवस बांधायचा असतो. ठरलेल्या वेळा, दारांवर चित्रं, ओळखीची कामं. आणि सांभाळणाऱ्यालाही विसावा हवा. इराची दमणूक चित्रपट दाखवतो, पण तिचा भार कोणी वाटून घ्यायचा हे विचारत नाही.

आमच्या एका सहकाऱ्याला घरच्यांनी दवाखान्यात नेलं. दोन मिनिटांत उत्तर मिळालं, ‘वय झालं, चालायचंच.’ चाचणी नाही, सल्ला नाही. ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपण निदान म्हणून वापरतो, हेच खरं दुखणं. अमळनेरात १९१६ पासून तत्त्वज्ञान मंदिर आहे. आत्मा म्हणजे काय, यावर इथे पिढ्यान्‌पिढ्या चर्चा झाली. पण बाप घराची वाट विसरला तर न्यायचं कुठे, हे विचारायला लेकीला जळगाव, धुळे नाहीतर नाशिक गाठावं लागतं.

आम्ही सत्तरी ओलांडली. परवा चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधला. तुम्ही हसलात, आम्हीही हसलो. पण ते हसू जिथे थांबतं, तिथून पुढे आम्हाला चन्नम्माच्या भरवशावर सोडू नका, एवढंच सांगायचं होतं.

आता प्रश्न विचारा.