तीनशेतले एकवीस

डिसेंबर 1943. मुंबईचं ब्रेबॉर्न स्टेडियम, पंचरंगी क्रिकेट स्पर्धेचा अंतिम सामना, हिंदू विरुद्ध रेस्ट, म्हणजे उरलेल्या धर्मांचा संघ. या सामन्याच्या धावफलकातली एक ओळ मी कितीही वेळा वाचू शकतो. सहावी विकेट, विजय आणि विवेक हजारे या सख्ख्या भावांची 300 धावांची भागीदारी. त्यात विवेकच्या धावा 21.

कवितेत न लिहिलेलं जसं वाचावं लागतं, तसा धावफलक वजाबाकी करत वाचावा. रेस्टचा दुसरा डाव 387चा, त्यात विजय हजारे 309. उरल्या 78. त्यातून विवेकच्या 21 काढा, राहतात 57. आता नऊ फलंदाज आणि सगळ्या अवांतर धावा या 57मध्ये बसवायच्या! दुसरी वजाबाकी याहून बोलकी आहे. 387मधून भागीदारीच्या 300 बाजूला ठेवल्या, तर बाकी नऊ विकेटच्या वाट्याला मिळून 87 येतात. म्हणजे विवेक खेळायला आला तेव्हा अर्धा संघ शंभरीच्या आत गारद झालेला होता, आणि जोडी फुटल्यावर शेपटानंही फारसं काही केलं नाही. त्यात फॉलोऑन. हिंदूंनी 5 बाद 581वर डाव सोडलेला, त्यात विजय मर्चंट नाबाद 250. रेस्टचा पहिला डाव 133चा, आणि त्यातही हजारेंच्या 59.

असल्या आकड्यांचं खरं वेड अमेरिकेतल्या बेसबॉलवाल्यांना. बेब रूथनं 1920 साली 54 होम रन मारले. त्या वर्षी अमेरिकन लीगमधल्या उरलेल्या सातांपैकी एकाही अख्ख्या संघाला तेवढे जमले नाहीत. जो डिमॅजिओचे सगळ्या कारकिर्दीत 361 होम रन आणि 369 स्ट्राइकआउट. इतका जोरात बॅट फिरवणारा माणूस इतका कमी चुकतो, हे त्या खेळात आक्रीतच. पण माझा आवडता आकडेवाला ॲडम डन. बेसबॉलमध्ये तीन गोष्टी अशा, की ज्यात बाकीचे क्षेत्ररक्षक नुसते बघत उभे असतात. चेंडू मैदानाबाहेर गेला की होम रन. पिचरचे चार चेंडू स्ट्राइक झोनबाहेर पडले आणि बॅटरनं ते सोडले, की पहिला बेस फुकट, तो वॉक. तीन स्ट्राइक झाले की घरी, तो स्ट्राइकआउट. शिकागो व्हाइट सॉक्सकडून 2012च्या मोसमात डन 649 वेळा बॅट घेऊन उभा राहिला: 41 होम रन, 105 वॉक, 222 स्ट्राइकआउट. बेरीज 368. निम्म्याहून अधिक वेळा बाकीच्यांना काही कामच नाही.

आणि हजारेंच्या 59 आणि 309 यांची बेरीज? तीही 368. या योगायोगाला काडीचा अर्थ नाही, हे मला कळतं. तरी तो सांगितल्याशिवाय राहवत नाही.

पण दोन्ही 368 एका जातीचे नव्हेत. डनच्या आकड्यात दुसऱ्या बॅटरचा हात नाही. हजारेंची 309 मात्र एकट्याची असूनही एकट्याला होणारी नव्हती. क्रिकेटमध्ये समोरच्या टोकाला कुणीतरी टिकलं नाही तर तुमची बॅट कितीही तळपू दे, डाव संपतो.

आमच्या कवठे महांकाळला टेनिस बॉलच्या स्पर्धा लागतात, तेव्हा मी स्कोअरर बसतो त्या टेबलाशेजारी जाऊन उभा राहतो. लांब वही, पट्टीनं आखलेली पानं, बॉलपेनचा ठिपका म्हणजे निर्धाव चेंडू. षटकार बसला की लाऊडस्पीकरवरून मारणाऱ्याचं नाव, गावाचं नाव आणि कुणीतरी लावलेलं रोख बक्षीस, तिन्ही एका दमात. ठिपक्याचा पुकारा कुणी करत नाही. ज्या पोरानं शेवटचा चेंडू नुसता अडवून जोडीदाराला पुढच्या ओव्हरला स्ट्राइक दिली, त्याच्या रकान्यात काय दिसतं? एक ठिपका. विवेक हजारेंचे एकवीस मला त्या ठिपक्यांसकट दिसतात.

विजय हजारे आमच्या जिल्ह्याचे. जन्म सांगलीचा, 11 मार्च 1915, वडील शिक्षक, घर मराठी ख्रिस्ती. पंचरंगीत संघ धर्मावर पडायचे, म्हणून ते रेस्टकडून खेळले. असल्या वाटणीचं क्रिकेट 1946 साली बंद पडलं, ते बरंच झालं. हजारे घणाघाती फलंदाज मुळीच नव्हते. बचाव चिरेबंदी, घाई नाही. 1948च्या जानेवारीत ॲडलेडला ब्रॅडमनच्या संघापुढे त्यांनी दोन्ही डावांत शतकं काढली, 116 आणि 145. तो सामनाही भारत हरलाच. पराभवाच्या पानावर इतक्या मोठ्या धावा लिहिलेला दुसरा मराठी माणूस मला आठवत नाही.

पानांचं हे वाचन कोल्हापूरच्या भाऊसाहेब निंबाळकरांशिवाय पुरं होत नाही. डिसेंबर 1948, पुणे, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. निंबाळकर नाबाद 443, महाराष्ट्र 4 बाद 826. ब्रॅडमनचा 1930चा नाबाद 452चा विक्रम नऊ धावांवर आलेला. काठियावाडच्या कर्णधारानं सांगितलं, डाव सोडा, नाहीतर आम्ही निघालो. आणि ते खरंच निघून गेले, सामना सोडून. बेसबॉलमध्ये अशी पळवाट नियमातच आहे. 28 मे 1998 रोजी नवव्या डावात तिन्ही बेस भरलेले असताना ॲरिझोनानं बॅरी बॉन्ड्सला मुद्दाम वॉक दिला, म्हणजे एक धाव आपण होऊन बहाल केली, आणि 8–7नं सामना जिंकला. ती निदान चाल होती. पुण्यात चाल नव्हती, नुसता कंटाळा आणि मानहानीची भीती. निंबाळकरांच्या आकड्यापुढची नाबादची चांदणी त्यांनी कमावलेली नाही, ती त्यांच्यावर लादलेली आहे. पुढे ते एकही अधिकृत कसोटी खेळले नाहीत.

प्रथम श्रेणीत भारतीयाची सर्वांत मोठी खेळी म्हणून 443 आजही उभी आहे. तरी मला विचाराल तर मी 309 वरची मानतो. ती फॉलोऑनमध्ये झाली, पडझडीत झाली, आणि जिंकत आलेला संघ ती होत असताना गोलंदाजी करत राहिला. हिंदूंनी सामना एक डाव आणि 61 धावांनी जिंकला, पण हजारेंना बाद करूनच जिंकला.